छापील पानापासून कानापर्यंत : अल्पपरिचित बरोक चेंबर संगीत आणि ध्वनिमुद्रण

युरोपीय संगीताच्या इतिहासात साधारणपणे १६०० ते १७५० हा दीडशे वर्षांचा काळ ‘बरोक’ या नावाने ओळखला जातो. सामान्य रसिकाच्या मनातले त्या काळाचे चित्र बहुधा बाख, हेंडेल आणि विवाल्दी या तीन नावांभोवती, त्यातही त्यांच्या मोठ्या वाद्यवृंदाच्या आणि समूहगायनाच्या रचनांभोवती उभे राहिलेले असते. प्रत्यक्षात त्या काळी लिहिल्या आणि छापल्या गेलेल्या वाद्यसंगीताचा फार मोठा भाग चेंबर संगीताचा होता. म्हणजे राजवाड्यातल्या दालनात, सुखवस्तू घराच्या दिवाणखान्यात किंवा चर्चमधल्या उपासनेच्या ओघात, मोजक्या वादकांनी प्रत्येक ओळ एकेकट्याने सांभाळून वाजवायचे संगीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अभिरुची पालटली, व्हिओला द गांबा आणि थिऑर्बो ही वाद्ये वापरातून गेली, हार्पसिकॉर्डची जागा पियानोने घेतली आणि दोन पिढ्यांच्या आत हे भांडार वादनातून जवळजवळ पूर्णपणे बाहेर पडले. ते गेल्या पाऊणशे वर्षांत पुन्हा ऐकू येऊ लागले ते मुख्यतः ध्वनिमुद्रणामुळे. या पुनरागमनात ध्वनिमुद्रणाचा वाटा नेमका कोणता होता, त्याने काय पुढे आणले आणि काय मागे ठेवले, हा या आढाव्याचा विषय आहे.

पुढील विवेचनासाठी दोन संज्ञा आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिली ‘बासो कंटिन्यूओ’. बरोक रचनाकार बहुतेक वेळा वरची सुरावट आणि तळाची खर्जाची ओळ एवढेच लिहीत असे. खर्जाच्या स्वरांशी सहा, सात असे आकडे घातलेले असत आणि त्या आकड्यांवरून कोणते स्वर एकत्र वाजवायचे हे ओळखून हार्पसिकॉर्ड, ऑर्गन किंवा थिऑर्बो (लांब मानेचे, खर्जाच्या जादा तारा असलेले ल्यूटच्या घराण्यातले वाद्य) वाजवणारा वादक मधली जागा ऐनवेळी भरून काढीत असे. ख्यालाची बंदिश जशी गायकाच्या उपजेवाचून अर्धीच राहते, तशीच ही लिहिलेली रचना वादकाच्या हाती पडेपर्यंत अपुरी असते. दुसरी संज्ञा ‘त्रिसोनाटा’. दोन उच्च स्वरांची वाद्ये आणि खाली बासो कंटिन्यूओ अशा तीन ओळींची ही रचना असते. परंतु खर्जाची ओळ चेलोसारखे वाद्य आणि हार्पसिकॉर्ड मिळून वाजवीत असल्यामुळे नावात तीन असले तरी मंचावर बहुधा चार वादक दिसतात. आर्कांजेलो कोरेल्ली याने १६८१ ते १६९४ या काळात प्रत्येकी बारा त्रिसोनाटांचे चार संच प्रसिद्ध केले आणि त्यांच्या अफाट प्रसारामुळे बारा किंवा सहा रचनांचा छापील संच, म्हणजेच ‘ओपस’, हे रचनाकाराने जगापुढे येण्याचे रूढ साधन बनले.

‘विस्मृतीत गेलेले’ किंवा ‘हरवलेले’ ही विशेषणे या संगीताला सर्रास लावली जातात. ती मात्र जपूनच वापरायला हवीत. यातला बराच भाग कधीच हरवलेला नव्हता; तो ग्रंथालयांत होता, त्याच्या सूच्या होत्या आणि काही अंशी तो आधुनिक पद्धतीने छापूनही झालेला होता. ड्रेसडेनच्या दरबारी वाद्यवृंदाचा प्रमुख योहान गेओर्ग पिझेंडेल १७५५ साली वारल्यानंतर त्याचा संग्रह आणि दरबारातले इतर वाद्यसंगीत एका कपाटात रचून ठेवण्यात आले. प्रत्येक वेष्टनावर कपाटाचा क्रमांक, खण आणि थर यांची नोंद करण्यात आली आणि ‘कपाट क्रमांक २’ या नावाने आज प्रसिद्ध असलेला हा ठेवा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅथलिक दरबारी चर्चमध्ये पडून राहिला. मोराव्हियातील क्रोमेर्जीझ येथील बिशपच्या संग्रहाची आणि स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाकडे १७३२ साली आलेल्या ड्यूबेन संग्रहाची कथा याहून फार वेगळी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथे राष्ट्रीय संगीतस्मारकांच्या ग्रंथमाला सुरू झाल्या. गाइडो आड्लर यांच्या पुढाकाराने निघालेल्या ऑस्ट्रियन मालेचा पहिला खंड १८९४ साली आला आणि त्यानंतर अनेक अपरिचित रचना विद्वानांच्या टेबलावर सहज उपलब्ध झाल्या. तरीही त्या वाजल्या नाहीत. पान उपलब्ध होणे आणि नाद उपलब्ध होणे यांत जे अंतर पडले, त्याचे स्पष्टीकरण केल्याशिवाय या पुनर्शोधाचा इतिहास लिहिता येत नाही.

या अंतराचे एक कारण तांत्रिक होते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर चार ते पाच मिनिटांचेच संगीत मावत असे. त्यामुळे एखादा सोनाटा दोन-तीन तुकड्यांत कापावा लागे आणि अपरिचित रचनाकाराचा संपूर्ण ओपस काढण्याचा विचार कोणी व्यावसायिक करीत नसे. या मर्यादेतही काही धाडसी प्रयत्न झाले. मेलबर्नहून पॅरिसमध्ये येऊन राहिलेल्या लुईझ हॅन्सन-डायर यांनी १९३२ साली ‘लुआझो-लीर’ ही प्रकाशनसंस्था काढून पुढच्याच वर्षी फ्रांस्वा कूपरँच्या समग्र रचना बारा खंडांत छापल्या आणि नंतर तबकड्याही काढल्या. त्याच सुमारास पॅरिसमध्येच वाद्यांचे अभ्यासक कुर्ट झाक्स यांच्या देखरेखीखाली ‘आंथॉलॉजी सोनोर’ ही जुन्या संगीताची ध्वनिमाला सुरू झाली. परंतु या माला नमुन्यादाखल होत्या. त्यांतून एखाद्या काळाची चव कळे, रचनाकार कळत नसे.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. या बदलाचे महत्त्व सहसा सिंफनीच्या संदर्भात सांगितले जाते. बरोक चेंबर संगीताला त्याचा झालेला लाभ कदाचित त्याहून मोठा होता. सहा सोनाटांचा ओपस साधारणपणे एका तबकडीत आणि बारांचा दोन तबकड्यांत बसतो हे प्रकाशकांच्या ध्यानात आले आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या छापील संचाला जणू मापून घेतलेले साधन मिळाले. जर्मनीच्या डॉइचे ग्रामोफोन कंपनीने १९४७ सालीच ‘आर्खीफ’ हा केवळ जुन्या संगीताचा विभाग सुरू केला होता. पाठोपाठ १९५८ साली टेलेफुंकेनची ‘दास आल्टे वेर्क’ ही माला आणि फ्रान्समध्ये ‘आर्मोनिया मुंडी’ ही कंपनी निघाली. विवाल्दीच्या ट्युरिनमधील हस्तलिखितांचे उदाहरण येथे मापदंड म्हणून उपयोगी पडते. ती १९२६ ते १९३० च्या दरम्यान सापडली, रोबेर्तो फोआ आणि फिलिप्पो जोर्दानो या दोन दात्यांच्या पैशातून ट्युरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी खरेदी झाली, १९३९ साली सिएना येथे त्यांच्यावर महोत्सवही झाला. पण विवाल्दी घरोघरी पोहोचला तो लाँग प्ले तबकडी आल्यानंतरच. अर्थात या सोयीची दुसरी बाजूही आहे. बारा सोनाटांचा संच रचनाकाराने सलग ऐकण्यासाठी कधीच रचलेला नव्हता. त्यातून हवी ती एक-दोन रचना निवडून मित्रांनी मिळून वाजवावी ही अपेक्षा होती. समग्र संच सलग ऐकणाऱ्या आधुनिक श्रोत्याला हे सगळे सोनाटे एकसारखे वाटतात, ही तक्रार मुळात रचनेविषयी नसून तबकडीच्या बांधणीविषयी आहे.

पान आणि नाद यांतले अंतर सर्वांत स्पष्ट दिसते ते हाइनरिख इग्नात्स फ्रांत्स बीबर (१६४४–१७०४) याच्या ‘जपमाळेच्या सोनाटां’मध्ये. बीबर हा बोहेमियात जन्मलेला व्हायोलिनवादक. क्रोमेर्जीझच्या बिशपच्या नोकरीत असताना याकोब श्टाइनर या विख्यात वाद्यकाराकडून वाद्ये आणण्यासाठी १६७० साली त्याला पाठवले असता तो परतलाच नाही आणि साल्झबुर्गच्या आर्चबिशपकडे रुजू झाला. पळून गेलेल्या या नोकराच्या रचना क्रोमेर्जीझच्या संग्रहात मात्र जपून ठेवल्या गेल्या. साल्झबुर्गमध्ये १६७० च्या दशकात त्याने व्हायोलिन आणि बासो कंटिन्यूओसाठी पंधरा सोनाटा रचले, ज्यांतला प्रत्येक सोनाटा येशू आणि मेरी यांच्या चरित्रातील, जपमाळ ओढताना चिंतनासाठी घेतल्या जाणाऱ्या एकेका प्रसंगाशी जोडलेला आहे, आणि शेवटी एकट्या व्हायोलिनसाठी एक पासाकालिया, म्हणजे उतरत्या चार स्वरांच्या सतत फिरणाऱ्या आधारावर रचलेली बढत, जोडली. प्रत्येक सोनाटाच्या आरंभी त्या प्रसंगाचे लहान कोरीव चित्र चिकटवलेले हे हस्तलिखित म्युनिकच्या राज्य ग्रंथालयात आहे. त्याचे मुखपृष्ठ गळालेले असल्यामुळे संचाचे मूळ नाव आज कोणालाच ठाऊक नाही.

या संचाचे वैशिष्ट्य आणि त्याच्या दीर्घ मौनाचे कारण एकच आहे, ते म्हणजे ‘स्कोर्दातुरा’, अर्थात व्हायोलिनच्या चार तारा नेहमीच्या स्वरांत न जुळवता प्रत्येक रचनेसाठी वेगळ्या स्वरांत जुळवण्याची पद्धत. पहिला सोनाटा आणि शेवटचा पासाकालिया एवढ्या दोनच रचना नेहमीच्या जुळणीत आहेत. मधल्या चौदा रचनांना चौदा वेगळ्या जुळण्या लागतात आणि पुनरुत्थानाच्या अकराव्या सोनाटात तर मधल्या दोन तारा एकमेकींच्या जागी बसवून घोडीच्या खाली आणि खुंट्यांच्या बाजूला त्यांचा क्रूस तयार करावा लागतो. प्रत्येक जुळणीत वाद्याचा नाद पालटतो: कुठे तारा ताणल्या जाऊन आवाज कर्कश आणि कोंडलेला होतो, तर कुठे त्या सैलावून घंटेसारखा घुमतो. शिवाय स्वरलिपी बोटांच्या जागा दाखवते, प्रत्यक्ष उमटणारा स्वर नव्हे. त्यामुळे केवळ पान वाचून अभ्यासकाला संगीताची कल्पना येत नाही. ऑस्ट्रियन स्मारकमालेत हा संच १९०५ साली छापला गेला होता. अठराव्या शतकातील इंग्रज संगीतेतिहासकार चार्ल्स बर्नी यानेही बीबरला आदल्या शतकातील व्हायोलिनवादकांत अग्रस्थान दिले होते. तरी पुढची पन्नास-साठ वर्षे हे सोनाटे क्वचितच वाजले, कारण मैफलीत ते वाजवायचे तर वादकाने दर रचनेला थांबून तारा जुळवाव्यात, आतड्याच्या तारा नव्या ताणावर स्थिरावेपर्यंत वाट पाहावी किंवा वेगवेगळ्या जुळणीची अनेक व्हायोलिने जवळ बाळगावीत, असा पेच होता.

ध्वनिमुद्रणगृहात हा पेच मुळातच उरत नाही. आज एक जुळणी करावी, तारा स्थिरावू द्याव्यात, उद्या दुसरी घ्यावी. बीबरच्या बाबतीत म्हणूनच ध्वनिमुद्रण हे आधीच जिवंत असलेल्या संगीताचे वाहन नव्हते, ते संगीत सलगपणे अस्तित्वात येण्याची अटच होती. एडुआर्ड मेल्कुस यांनी १९६७ साली आर्खीफसाठी केलेल्या मुद्रणाने हा संच व्यापक श्रोतृवर्गापर्यंत नेला. १९९० च्या आगेमागे जॉन हॉलोवे आणि राइनहार्ड ग्योबेल यांची मुद्रणे आली, २००४ मध्ये अँड्र्यू मान्झ यांचे आणि २०१५ मध्ये रेचेल पॉजर यांचे. ही मुद्रणे शेजारी शेजारी ठेवून ऐकली की बासो कंटिन्यूओ ही कल्पना कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक चांगली समजते. हॉलोवे यांच्या मुद्रणात ऑर्गन, हार्पसिकॉर्ड, हार्प, ल्यूट अशा वाद्यांचा समृद्ध पडदा आहे आणि प्रत्येक प्रसंगाला वेगळा रंग दिलेला आहे. मान्झ आणि त्यांचे साथीदार रिचर्ड एगार यांनी बहुतेक ठिकाणी केवळ एका कळवाद्याची साथ पुरेशी मानली आहे, त्यामुळे व्हायोलिनचा बदलता पोत अधिक उघडा पडतो. छापील ओळ दोन्हीकडे तीच आहे. हॉलोवे यांच्याकडील वाद्यांच्या श्रीमंतीने बीबरचे काम सोपे होते, पण त्याने जुळणीतून साधलेला रंगभेद काहीसा झाकलाही जातो, असे मत येथे नोंदवणे अप्रस्तुत ठरू नये.

यान दिस्मास झेलेन्का (१६७९–१७४५) याचा इतिहास वेगळा आहे आणि एका लोकप्रिय समजाला तो छेद देतो. झेलेन्का हाही बोहेमियन. ड्रेसडेनच्या दरबारात डबल बास वाजवणारा, हयातभर मोठ्या पदाची वाट पाहत राहिलेला रचनाकार. १७२० च्या दशकाच्या आरंभी त्याने दोन ओबो, बसून आणि बासो कंटिन्यूओ यांच्यासाठी सहा सोनाटा रचले (त्यांतील तिसऱ्यात एका ओबोच्या जागी व्हायोलिन आहे). त्यांना त्रिसोनाटा म्हटले जात असले तरी बसूनची ओळ अनेक ठिकाणी खर्जापासून सुटून स्वतंत्र होते आणि ओबोवादकांना श्वास घ्यायला उसंत मिळू नये इतके लांब, गुंतागुंतीचे फ्यूग, म्हणजे एकाच सूत्राचा एकामागून एक आवाजांनी पाठलाग करण्याचे बंध, या रचनांत आहेत. १९७२ साली हाइन्झ होलिगर आणि मॉरिस बूर्ग या ओबोवादकांनी बसूनवादक क्लाउस थुनेमान यांच्यासह हा संपूर्ण संच आर्खीफसाठी मुद्रित केला आणि एका अपरिचित नावाची गणना बाखच्या तोलामोलाच्या समकालीनांमध्ये होऊ लागली.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की होलिगर आधुनिक, पूर्ण कळांचा ओबो वाजवीत होते आणि त्यांची ख्याती समकालीन, अत्याधुनिक संगीताचे वादक व रचनाकार म्हणून होती. जुन्या संगीताचे पुनरुज्जीवन जुन्या वाद्यांमुळेच झाले, म्हणजे आतड्याच्या तारा, बरोक पद्धतीचा गज आणि आजच्या ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झच्या उतरलेल्या पट्टीमुळे झाले, अशी जी मांडणी वारंवार केली जाते ती झेलेन्काला लागू पडत नाही. दोन-तीन कळांच्या बरोक ओबोवर या रचना पेलणारे वादक त्या वेळी विरळ होते. ते तयार झाल्यावर, १९९० च्या दशकात, इटलीतील ‘झेफिरो’ या वाद्यसमूहाने त्या जुन्या वाद्यांवर मुद्रित केल्या आणि तेव्हा त्यांतले नृत्यासारखे हलके अंगही दिसून आले. होलिगर यांच्या मुद्रणातला ताण तरीही आजवर फिका पडलेला नाही.

गेओर्ग फिलिप टेलेमान याच्यावर मात्र विस्मृतीपेक्षा अवहेलनेचे ओझे अधिक होते. हयातीत तो जर्मनीतील सर्वाधिक ख्यातकीर्त रचनाकार होता. त्याच्या १७३३ च्या ‘भोजनसंगीता’च्या वर्गणीदारांत हेंडेल होता. परंतु एकोणिसाव्या शतकातील बाखच्या चरित्रकारांनी त्याला उथळ, भरमसाट लिहिणारा ठरवले आणि तीन हजारांहून अधिक रचना हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाला. हा शेरा ग्रंथांनी नव्हे तर तबकड्यांनी पुसला. फ्रान्स ब्र्यूखेन (बासरी), याप श्र्योडर (व्हायोलिन), आनर बिल्स्मा (चेलो) आणि गुस्टाफ लेओनहार्ट (हार्पसिकॉर्ड) या चार डच वादकांनी १९६० च्या दशकात टेलेमानचे ‘पॅरिस क्वार्टेट’ मुद्रित केले तेव्हा चार जाणकारांचा चाललेला खेळकर, अंगाला न लागणारा वाद ऐकावा तसे ते संगीत ऐकू आले. वाजवणाऱ्याला आनंद देण्यासाठी लिहिलेले संगीत कागदावर उथळ दिसू शकते, हे त्या एका मुद्रणाने सिद्ध केले.

फ्रान्समधील व्हिओला द गांबाच्या, म्हणजे गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवण्याच्या सहा-सात तारांच्या वाद्याच्या, संगीताला चित्रपटाचा हातभार लागला. मारें मारे (१६५६–१७२८) याने १६८६ ते १७२५ या काळात पाच ग्रंथांत या वाद्यासाठी सुमारे सहाशे रचना प्रसिद्ध केल्या होत्या. शेवटच्या ग्रंथात मूतखडा काढण्याच्या शस्त्रक्रियेचे टप्प्याटप्प्याने वर्णन करणारी एक रचनाही आहे, जी ध्वनिमुद्रिकांच्या लेखकांना अनावर मोह पाडते आणि मारेच्या गंभीर रचनांवर अन्याय करते. बाझेलच्या ‘स्कोला कांतोरुम’ या १९३३ साली स्थापन झालेल्या संस्थेत आउगुस्ट वेंझिंगर यांच्याकडे शिकलेल्या जोर्दी सावाल यांनी १९७० च्या दशकापासून मारेच्या रचना मुद्रित केल्या होत्या. मात्र १९९१ साली पास्काल किन्यार यांच्या कादंबरीवरून आलें कोर्नो यांनी मारे आणि त्याचा गुरू सेंत-कोलोंब यांच्यावर ‘तू ले मातें द्यू मोंद’ हा चित्रपट काढला, त्याला सात सेझार पुरस्कार मिळाले आणि सावाल यांनी वाजवलेले त्याचे संगीत ज्यांनी गांबा हे नावही ऐकले नव्हते अशा श्रोत्यांपर्यंत गेले. सेंत-कोलोंबच्या चरित्राविषयी फारच थोडी माहिती उपलब्ध असल्यामुळे चित्रपटातला खिन्न, एकांतप्रिय गुरू हा मुख्यतः कल्पनेचा आहे. तरीही दोन समान गांबांसाठीच्या त्याच्या ६७ रचना आज बहुतेकांना त्या चित्रपटाच्या छायेतच ऐकू येतात. प्रसिद्धीची ही किंमत या क्षेत्रात नवी नाही.

किंमत केवळ छायेची असती तर फारसे बिघडले नसते. काही वेळा नावच खोटे निघाले आहे. रेमो जाझोत्तो यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेला ‘अल्बिनोनीचा आदाजियो’ तबकड्यांमुळे जगभर पसरला आणि तोमाझो अल्बिनोनी (१६७१–१७५१) हे नाव त्याने कधी न लिहिलेल्या रचनेसाठी अजरामर झाले, तर त्याचे खरे त्रिसोनाटे, ज्यांचा पहिला संच १६९४ चा आहे, मागेच राहिले. त्याआधी १९३५ साली फ्रिट्झ क्राइस्लर यांनी जुन्या उस्तादांच्या नावावर वर्षानुवर्षे वाजवलेल्या कित्येक रचना स्वतःच केल्याचे जाहीर केले होते. याच्या उलट, दोमेनिको गाल्लो याचे त्रिसोनाटे अठराव्या शतकातच पेर्गोलेझीच्या नावाने छापले गेले. स्त्राविन्स्की याने १९२० च्या ‘पुल्चिनेल्ला’ या नृत्यनाट्यात त्यांतले काही वापरले तेव्हा तोही ते पेर्गोलेझीचेच समजत होता. गाल्लोचा संच पुढे जर्मनीतील ‘सीपीओ’ कंपनीसाठी ‘पार्नासी मुझिची’ या समूहाने त्याच्या स्वतःच्या नावाने मुद्रित केला आणि संशोधकांना परिचित असलेली दुरुस्ती ग्राहकाच्या हाती पडली, जरी मुद्रिकेच्या वेष्टनावर पेर्गोलेझीचा उल्लेख करण्याचा मोह तेथेही सुटला नाही.

स्त्री रचनाकारांच्या बाबतीत निवडीचा प्रश्न अधिक टोकदार होतो. नोव्हारा येथील उर्सुलाइन संन्यासिनी इझाबेल्ला लेओनार्दा (१६२०–१७०४) हिने १६९३ साली छापलेला बारा सोनाटांचा सोळावा ओपस हा स्त्रीने प्रसिद्ध केलेल्या सोनाटांचा सर्वांत जुना ज्ञात संच मानला जातो. पॅरिसमध्ये एलिझाबेथ जाके द ला गेर हिचे व्हायोलिन सोनाटा १७०७ साली छापले गेले. या दोघींच्या रचना आज ध्वनिमुद्रणात उपलब्ध आहेत, पण लेओनार्दाच्या संचातून एका व्हायोलिन आणि बासो कंटिन्यूओसाठीचा बारावा सोनाटाच पुन्हा पुन्हा घेतला जातो. त्याची कारणे व्यावहारिक आहेत: त्याला वादक कमी लागतात, तो एका निपुण वादकाचे कौशल्य दाखवतो आणि संकलनात सहज बसतो. बीबर, श्मेल्त्सर, वेस्टहोफ हे पुढे आले तेही व्हायोलिनवादकाला आव्हान देणारे रचनाकार होते म्हणून. हौशी वादकांसाठी, मध्यम गतीने, देखण्या साधेपणाने लिहिणारे रचनाकार त्या मानाने मागे पडले. त्या काळातील बहुतांश चेंबर संगीत तर अशाच वादकांसाठी छापलेले होते. मुद्रिका श्रोत्यासाठी काढली जाते आणि श्रोत्याला पराक्रम आवडतो, हे यामागचे साधे अर्थशास्त्र आहे.

त्या अर्थशास्त्राची घडी लहान कंपन्यांवर बसलेली होती. लंडनमध्ये टेड पेरी यांनी १९८० साली सुरू केलेली ‘हायपेरियन’, त्याच वर्षी बेल्जियममध्ये जेरोम लजन यांनी काढलेली ‘रिचेर्कार’, हाँगकाँगमधून १९८७ पासून स्वस्त तबकड्या विकणारी ‘नॅक्सोस’, स्वीडनची ‘बिस’ अशा कंपन्यांनी अपरिचित रचनाकार हेच आपले भांडवल मानले. बाखचे आणखी एक मुद्रण काढण्यापेक्षा ज्याचे एकही मुद्रण नाही असा रचनाकार काढणे त्यांना फायद्याचे होते, आणि ‘जगातील पहिले ध्वनिमुद्रण’ ही ओळ वेष्टनावरची सर्वांत मोलाची जाहिरात ठरली. ‘बिस’साठी ‘लंडन बरोक’ या समूहाने सतराव्या आणि अठराव्या शतकातील इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी व इटली यांच्या त्रिसोनाटांची आठ मुद्रिकांची जी माला केली ती या काळाची सर्वांत शहाणी निष्पत्ती म्हणता येईल, कारण तीत एका नावाचा गाजावाजा नसून एका रचनाप्रकाराचा प्रवास ऐकायला मिळतो. २०२३ साली ‘हायपेरियन’ युनिव्हर्सल म्युझिककडे आणि ‘बिस’ ॲपलकडे गेली. इंटरनेटवरून थेट ऐकण्याच्या पद्धतीत भांडार कधी नव्हे इतके खुले झाले आहे, मात्र तेथे सोनाटा सुट्या चलनांत मोडतो, वेष्टनातील टिपणपुस्तिका बहुधा नाहीशी होते आणि वादक व रचनाकार यांची नावे एकाच रकान्यात मिसळतात. ज्या संगीताला संदर्भाची गरज सर्वाधिक, त्याचाच संदर्भ यात आधी गळतो.

दरम्यान ग्रंथालयांतून नवे साहित्य येणे थांबलेले नाही. योहान पाउल फॉन वेस्टहोफ याचे एकट्या व्हायोलिनसाठीचे १६९६ चे सहा सुइट, जे बाखच्या तशाच रचनांचे पूर्वज मानले जातात, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हंगेरीतील सेगेद येथील ग्रंथालयात सापडले. दुसऱ्या महायुद्धात नाहीसा झालेला बर्लिनच्या ‘झिंग-आकाडेमी’चा संग्रह १९९९ साली युक्रेनची राजधानी कीव येथे असल्याचे उघड झाले, २००१ साली तो परत आला आणि बर्लिनच्या दरबारी वर्तुळातील अनेक रचनाकारांच्या अभ्यासाला नवा आधार मिळाला. ड्रेसडेनच्या ‘कपाट क्रमांक २’ मधील १,७०० हून अधिक हस्तलिखिते आता संगणकावर कोणालाही पाहता येतात. त्यांत अनेकदा सर्व ओळी एकत्र दाखवणारी संपूर्ण संहिता नसते, प्रत्येक वादकाचे सुटे कागद असतात. ते जुळवण्याचे, नकलकाराच्या चुका ओळखण्याचे आणि अनामिक रचनांचे कर्ते शोधण्याचे काम आज विद्वानांच्या बरोबरीने वादकही करतात.

टेलेमानच्या गांबा-फँटसींचे उदाहरण या बदलाचे माप सांगते. एकट्या व्हिओला द गांबासाठी त्याने १७३५ साली हाम्बुर्गमध्ये छापलेल्या या बारा रचना हरवल्याच आहेत असे दीर्घकाळ मानले जात होते. ओस्नाब्र्युक येथील राज्य अभिलेखागारात ठेवलेल्या लेडेनबुर्ग या सरदारवाड्याच्या संग्रहात त्यांची छापील प्रत असल्याचे २०१५ साली फ्रेंच ग्रंथपाल फ्रांस्वा-पिएर ग्वा यांच्या शोधातून समोर आले, आणि २०१६ साली त्यांची आधुनिक आवृत्ती आणि थॉमस फ्रिच यांनी वाजवलेले पहिले ध्वनिमुद्रण अशी दोन्ही प्रसिद्ध झाली. छापील पान हाती असूनही बीबरला अर्धशतकाहून अधिक काळ थांबावे लागले होते. टेलेमानच्या फँटसींना वर्षभर पुरले. मधल्या काळात मारे आणि सेंत-कोलोंब यांच्या मुद्रिका ऐकत वाढलेली गांबावादकांची एक सबंध पिढी तयार झाली होती, आणि ती आवृत्ती निघाली तेव्हा या फँटसी आपल्या घरी काढून पाहणारे वादक तिची वाटच पाहत होते.